ट्रॉलीच्या चाकातली हवा

हवा मी काढली होती. ड्रायव्हरने ती कमी भरली नव्हती, टायर जुने नव्हते, रस्ताही वाईट नव्हता. बोटीच्या ट्रॉलीच्या दोन्ही चाकांतली हवा मी माझ्या सायकलच्या किल्लीने, भर उन्हात, कोणी बघत नाही असं पाहून काढली. चांगल्या हेतूने काढली, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो. पण हेतू चांगला असता तर आधी इकडेतिकडे कशाला पाहिलं असतं?

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा करून एका सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलेलो. नागपुरात कामठी रस्त्याच्या बाजूला खात्याचं यार्ड होतं. पुरात अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी ठेवलेली एक बोट तिथे होती, आणि ती वाहून न्यायची दोन चाकांची गाडी. कागदावर ती ट्रेलर, यार्डात सगळे तिला ट्रॉली म्हणत. जीपच्या मागे ती जोडायची आणि बोट न्यायची. वर्षातले दहा महिने बोट उभीच असे. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, ती एकदा रामटेकच्या पुढे खिंडसीच्या तलावावर नेऊन पाण्यात उतरवून पाहायची, असा नियम होता.

ती ओढायचं काम एकाच ड्रायव्हरकडे असे. तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. आठ वर्षं रोजंदारीवर होता आणि त्या वर्षी त्याला कायम करण्याची फाइल वर गेली होती. यार्डात सगळ्यांना ते माहीत होतं. सहीपुरतं राहिलं आहे, असं हेडक्लार्क म्हणे. तो स्वतः त्याबद्दल बोलत नसे, पण त्या महिन्यांत रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

मी त्याला तू म्हणत असे. वयाने मोठा असला तरी ड्रायव्हरला तू म्हणायची आमच्याकडे रीतच होती. तो मला साहेब म्हणायचा, पण तोंडात काहीतरी आंबट आल्यासारखा. आमचं पहिल्या महिन्यातच बिनसलं होतं. ट्रॉली मागे घ्यायची होती. मी पुढे उभा राहून हाताने 'डावीकडे, डावीकडे' असं सांगत होतो. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने माझं ऐकून बरोब्बर डावीकडे घेतलं आणि ट्रॉली कुंपणाच्या तारेत नेऊन घातली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांदेखत म्हणाला, "काहून सायेब, तुमच्या पुस्तकात रिव्हर्स नाई का?"

यार्ड हसलं. मी हसलो नाही. त्या दिवसापासून त्याची प्रत्येक सवय माझ्या डोळ्यांत खुपू लागली.

आणि त्याला सवयी फार होत्या. उभ्या ट्रॉलीचा भार चाकांवर राहू नये म्हणून तो तिच्या खाली लाकडी ओंडके लावून ठेवायचा. उन्हाने टायरला चिरा पडतात म्हणून चाकांवर गोणपाट बांधायचा. निघायच्या दिवशी पहाटे, ऊन लागायच्या आत, गार चाकांत हवा भरायचा, ती पूर्ण छत्तीस पौंड. वाटेत दर पंधरावीस किलोमीटरला थांबायचा आणि आधी चाकाच्या मधल्या, बेअरिंगच्या डब्यावर, मग टायरवर तळहात ठेवायचा. "हात टिकला तं चाल, हात नाई टिकला तं थांब," असा त्याचा नियम. बोटीत सामान ठेवू द्यायचा नाही आणि चाळीसच्या वर जीप न्यायचा नाही. हे सगळं मला नखरे वाटत. मी एकदा म्हटलंही, "ही बोट आहे की तुझी बायको?"

"बायको असती तं तुमच्या यार्डात ठेवली असती का?" तो म्हणाला.

त्या मे महिन्यात मोठ्या साहेबांनी ठरवलं की चाचणीबरोबर घरच्या मंडळींची सहलही उरकून घ्यावी. ते सगळे मोटारीने आदल्या दिवशीच रामटेकला गेले. मागून आम्ही दोघांनी बोट न्यायची, आणि बोटीतून तंबू, खुर्च्या, मोठी पातेली, दोन पेट्या बर्फ, बोटीचं इंजिन आणि पेट्रोलचे डबे. ड्रायव्हर पहाटेच आला होता. हवा भरून, चाकांवर सावली राहावी म्हणून बोटीची ताडपत्री खालपर्यंत सोडून तो बसला होता. सामान चढताना पाहून उठला.

"हे सारं बोटीत?"

"मग कुठे? बोटीत दहा माणसं बसतात. हे सामान काय जड आहे?"

"बोट पान्यात वजन उचलते सायेब. सडकेवर चाकंच उचलतात."

"मोठ्या साहेबांचा हुकूम आहे."

"मंग मोठ्या सायबाले म्हना, चाकं बी तेच धरून बसा."

बर्फ यायला उशीर झाला. अकरा वाजले. तो गाडीच्या वहीवर सही घ्यायला ऑफिसात गेला आणि मी ट्रॉलीपाशी एकटा राहिलो. सहज टायरवर अंगठा दाबला. दगडासारखा टणक.

नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला त्या टणकपणाची भीती लहानपणापासून असते. आमच्या घरी चैत्र लागला की वडील सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडत. सगळी आळी तेच करी. शाळेच्या स्टँडमध्ये दुपारी फाटकन आवाज झाला की मास्तरसुद्धा म्हणत, "गेली कोणाची तरी ट्यूब. हवा काढून ठेवत नाहीत लेकाचे." उन्हात हवा फुगते, फुगली की फुटते, म्हणून आधीच कमी करायची. उभ्या सायकलच्या बाबतीत यात थोडं खरं असेलही. पण डिप्लोमा झालेल्या माणसाने ओझ्याखाली पळणाऱ्या चाकाला तोच हिशेब लावावा, आणि तेही आठ वर्षं ती ट्रॉली ओढणाऱ्या माणसाला न विचारता? विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. नेमकं म्हणूनच मी विचारलं नाही. त्याला विचारणं म्हणजे त्याला माझ्याहून जास्त कळतं हे कबूल करणं.

मी ताडपत्री वर केली, वॉल्व्हची पिन किल्लीने दाबली आणि टायर अंगठ्याखाली दबेपर्यंत हवा जाऊ दिली. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. ताडपत्री पुन्हा खाली सोडली.

तो वही घेऊन आला आणि सवयीप्रमाणे लोखंडी पाना उचलून चाकांवर ठोकायला निघाला. आवाजावरून त्याला हवा कळायची. मी पाना त्याच्या हातातून घेतला.

"उशीर झालाय. बस झालं तुझं वैद्याचं काम. चल."

"एक मिनिट लागते सायेब."

"साहेब तिकडे उन्हात वाट पाहत आहेत. चल म्हटलं ना?"

कामठीला त्याने जीप बाजूला घेतली. मी उतरू दिलं नाही. "इथे थांबलास तर तसं लिहून देईन," म्हणालो. फाइल वर गेलेल्या माणसाला लिहून देण्याची धमकी काय असते, ते मला नीट ठाऊक होतं. त्याने गिअर टाकला. चाळीसच्या वर जायला मात्र तयार झाला नाही. त्या दिवशी आम्ही जिवंत राहिलो ते त्याच्या या एका हट्टामुळे.

कन्हानचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि मागे तोफेसारखा आवाज झाला. जीपची शेपटी कोणीतरी धरून हिसडावी तशी ती डावीकडे ओढली गेली. मी ओरडलो, "ब्रेक! ब्रेक मार!" त्याने ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरलं, पाय वर घेतला आणि जीप सरळ ठेवत तिचा वेग आपोआप मरू दिला. थांबता थांबता ट्रॉली रस्त्याखाली घसरली आणि बोट दगडांवर पडली. तिचा तळ हातभर फाटला होता. पातेली शेतात घरंगळत गेली. कोणी मेलं नाही. कोणाला खरचटलंही नाही. म्हणून तर मला इतकी वर्षं गप्प बसता आलं.

तो उतरला. फुटलेल्या डाव्या चाकाकडे त्याने एकदाच पाहिलं. मग धड राहिलेल्या उजव्या चाकावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. जीपमधून हवा मोजायचं मीटर आणून लावलं.

"बावीस," तो म्हणाला. "गार चाकात छत्तीस भरली होती म्या. तापून वाढाले पायजे, तं बावीस? हवा कोनं काढली?"

मी म्हणालो, "तूच कमी भरली असशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी काढली," तो हळूच म्हणाला. "गर्मीनं फुटन म्हनून काढली न? अरे बाप्पा! सायकल समजले का तुमी हिले?"

"तोंड सांभाळून बोल."

चौकशी लागली. फुटलेला टायर तपासून मत आणायचं काम माझ्याकडेच आलं. एका टायर रिमोल्डिंगच्या दुकानात तो नेला. म्हाताऱ्या कारागिराने टायर उलटा करून आतून दाखवला. कडेने गोल पट्टा सोलल्यासारखा झाला होता, आणि रबराची काळी भुकटी त्याने बोटांत चोळून माझ्या तळहातावर ठेवली.

"बाहेरच्या गर्मीनं नाही गेला हा," तो म्हणाला. "हवा कमी, वजन जास्त. चालताना पोट दाबते, सुटते, दाबते, सुटते. आतल्या आत शिजला. पूर्ण हवा राहती तर उन्हानं काही होत नव्हतं."

तोपर्यंत मला निदान एवढा आधार होता की मी वाचवायला गेलो आणि तरीही फुटला. त्या दुकानात तो आधारही गेला. मीच टायर फोडला होता. आणि मग मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम केलं. त्या कारागिराने सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं: टायर कमी हवेमुळे फुटला. खाली जोडलं: निघण्यापूर्वी वाहनचालकाने हवेची अंतिम तपासणी केली नाही. एक अक्षर खोटं नव्हतं. पाना कोणी काढून घेतला, तेवढं लिहिलं नाही.

मग चौकशीच्या साहेबांनी यार्डात सगळ्यांना गोळा करून त्याला समोर उभं केलं. त्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या सायबानं हवा काढली. विचारा ह्याले." मी म्हणालो, "स्वतःची चूक झाकायला काहीही बोलतो हा." चौदा माणसं उभी होती. कोणीही माझ्याकडे संशयाने पाहिलं नाही. तो त्या घरांतला होता ज्यांनी छप्पन साली इथेच, नागपुरात, बौद्ध धर्म घेतला. चौकशीला बसलेले एक साहेब खोलीत परतल्यावर हसून म्हणाले, "यांना कायम करायचं म्हटलं की असंच व्हायचं." 'यांना' म्हणजे कोणाला, हे खोलीतल्या आम्हा सगळ्यांना कळत होतं. मीही थोडा हसलो. माझं खोटं टिकलं ते मी हुशार होतो म्हणून नाही. ते मानायला सगळे आधीच तयार होते.

फाइल परत आली. त्याला गाडीवरून काढून गिट्टीच्या कामावर टाकलं. चार महिने तो रोज माझ्यासमोरून घमेलं घेऊन जायचा आणि मी दिसलो की थबकायचा. "ओव्हरसियर सायेब, हवा बराबर हाय न पोटात? का काढून देऊ थोडी?" लोक खोकल्याचं नाटक करून हसत. एकदा मी त्याची तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

पुढची वर्षं मी बढत्या घेतल्या. पंधरा वर्षांनी, मे महिन्यातच, नवीन ड्रायव्हरांना ट्रॉली ओढण्याची माहिती द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फळ्यापुढे उभं राहून सांगत गेलो. हवा गार चाकात भरायची, ती पूर्ण. तापल्यावर वाढली तरी सोडायची नाही. उभ्या ट्रॉलीखाली ओंडके लावायचे, चाकं झाकायची, बोटीत सामान भरायचं नाही. वाटेत थांबून तळहात ठेवायचा. फुटलाच टायर, तर ब्रेक मारायचा नाही, गाडी सरळ धरायची.

एक तरुण ड्रायव्हर म्हणाला, "एवढं बारीक कुठं शिकले गा तुम्ही, साहेब?"

मी म्हणालो, "अनुभवाने."

हा शब्द तोंडातून गेला आणि मला फळ्यापुढे उभं राहवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो. नोकरी तर त्याची घेतलीच होती, आता त्याचं ज्ञानही माझ्या नावावर चढवलं.

त्याचा पत्ता काढायला आठवडा लागला. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवत होता आणि नंदनवनच्या पुढे राहत होता. रविवारी सकाळी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं तशी ती आत वळून म्हणाली, "तो आला. तुमचा हवावाला."

तो बाहेर आला. केस पिकले होते. मला बस म्हणाला नाही. मी अंगणातच उभा राहून बोलू लागलो. "तुमच्यावर माझ्याकडून मोठा अन्याय झाला…"

"'तुमच्यावर'?" तो बायकोकडे बघून म्हणाला. "ऐकलं का वं? मले तुमी म्हनून राहिले सायेब."

"हवा मीच काढली होती. माफी मागायला आलो आहे."

"हवा काढली हे तं त्याच दिवशी मले माईत होतं. नवीन काय सांगून राहिले?"

त्याची बायको दारातच उभी होती. तीच बोलली, "गिट्टी वाहून वाहून यायच्या खांद्याले गाठ आली. लोक म्हनत, निष्काळजी ड्रायव्हर हाय, बोट फोडली. पोरीच्या सोयरिकीतही निघालं ते. तुमी अंगनात येऊन फुसफुस करून चालले."

मी म्हणालो, "मी लेखी देतो. त्या चौकशीच्या कागदांत लागेल असं करतो."

"कागद द्या, नाईतं जाळा," तो म्हणाला. "कायम तं आता होत नाई मी. खोटं बोलले ते कुठी? यार्डात. किती मानसं होते? चौदा. मंग माझ्या घरी काहून आले? तिथी बोला. जितके उरले असतीन त्यायच्यापुढं. अन् मी ऐकाले येतो. आता जा."

लेखी जबाब मी दुसऱ्याच दिवशी दिला. वरिष्ठांनी तो वाचून माझ्याकडे परत सरकवला. "जुनं मढं कशाला उकरता? रिटायरमेंटपर्यंत नीट राहा." मी तो आवक खिडकीवर नेऊन शिक्का मारून घेतला. त्यावरून मला जे ऐकावं लागलं, ते ऐकणं मला भागच होतं.

मग त्याला निरोप पाठवला आणि पुढच्या सोमवारी सकाळी आठला हजेरीच्या वेळी यार्डात गेलो. त्या चौदांतले सहा जण उरले होते, आणि बाकी नवीन. पहिल्या पाळीची बस सोडून तो आला होता. आत आला नाही. फाटकाच्या बाहेर, हाताची घडी घालून उभा राहिला. लोक कुजबुजत होते. हेडक्लार्क माझी बाही ओढून म्हणाला, "साहेब, तब्येत बरी नाही का? चला आत."

मी बोलायला सुरुवात केली.

फाटकातून आवाज आला, "जोरानं! तवा मस्त जोरानं बोलले होते. इथवर ऐकाले येत नाई."

मी पुन्हा पहिल्यापासून, जोराने बोललो. "हे फाटकात उभे आहेत ते या यार्डाचे सगळ्यांत चांगले ड्रायव्हर होते. बोट फुटली ती माझ्यामुळे. यांना न सांगता हवा मी सोडली, तपासणी मी करू दिली नाही, वाटेत थांबू मी दिलं नाही. आणि याच जागी उभं राहून मी खोटं बोललो, कारण माझं खोटं चालेल आणि यांचं खरं चालणार नाही, हे मला माहीत होतं. यांची नोकरी गेली, नाव गेलं, ते मी घेतलं. भाऊ, मी तुमचा गुन्हेगार आहे. या सगळ्यांपुढे तुमची माफी मागतो."